वाघ की बिबट्या

मंगळवार, दिवेलागणीला

आज माझ्याकडं बिबट्याचे सतरा मेसेज आले. मी ॲडमिन, त्यामुळं गावच्या ग्रुपवर काय टाकायचं ते मीच निवडते. सगळे उडवले. आमच्याकडं त्याला बिबट्या म्हणतंच कोण? बिबट्या बातम्यांतला, नाहीतर कुठून कुठून फिरत आलेल्या व्हिडिओतला.

मग शेजारच्या मळ्यातल्या काकूंचा व्हॉइस मेसेज आला, "वाघ हाय गं उसात! पोरं आत घ्या!"

वाघ म्हणाल्या. तेवढ्यावरच मी ग्रुपवर टाकलं. चुकले असते तर? पण नाही चुकले. पोरं घरात आली आणि थोड्याच वेळात तो आमच्या अंगणातून ऐटीत गेला.

"हेच खरंय, तुला कसं कळलं गं?" ह्यांनी दोनदा विचारलं.

मी नुसती हसले. सांगितलं तर उद्यापासून सगळेच वाघ लिहितील.