कमळपक्ष्याच्या चित्राचं नाव

बाबा, गेल्या रविवारी मी धामापूरच्या तलावावर गेले होते. पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी तिथे वन्यजीवांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलंय, त्यात माझं एक चित्र आहे. पाण्यावरच्या पानावर उभा कमळपक्षी, त्याने पंखांखाली घेतलेली पिल्लं आणि बाहेर लोंबणारे त्यांचे काडीसारखे पाय. चित्र बरं जमलंय. तुम्हीसुद्धा नुसतं 'हूं' करून पुढे गेला नसता. पण खाली मी नाव दिलंय, 'मातृत्व'.

या पक्ष्याची पिल्लं बापच वाढवतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तुम्हीच सांगितलंत, याच तलावाच्या पायऱ्यांवर. शाळेची सहल, मी सातवीत, तुम्ही आमचे चित्रकलेचे शिक्षक. मी तीन वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून माझी वेणी तुम्हीच घालायचात. त्या दिवशी रिबीन सुटलेली दिसली नि सगळ्या वर्गासमोर तुम्ही खिशातून फणी काढलीत. "हंय बस गो. केस बग कशे झाले ते." मुली खुसखुसतायत, एकीने तोंडावर चित्रकलेची वही धरलीय. शाळेत 'सर' म्हणायचं ही तुमचीच शिस्त. तीच मी तुमच्यावर उलटवली. "सर, माझी मी घालीन." तुम्ही फणी खिशात ठेवलीत आणि वर्गाला पाण्यावरचा पक्षी दाखवलात. मादी अंडी घालून निघून जाते, उबवतो आणि वाढवतो तो नर. मुली पुन्हा हसल्या. मीही हसले.

'मातृत्व' म्हटलं की लोक हळवे होतात, म्हणून ते नाव दिलं. उद्घाटनाच्या भाषणात आभारही आईचेच मानले, जिचा चेहरा मला आठवत नाही. लाज वाटते बाबा, पण टाळ्या गोड लागल्या हेही खरं. मग तलावात होडी चालवणारे एक आजोबा चित्रापुढे थांबले. "ह्यो बापूस मा? आवस खंय पोरांक सांभाळता!" मी म्हटलं, "कलाकाराची कल्पना असते हो." त्यांनी मला निरखून पाहिलं. "त्या ड्रॉइंगच्या मास्तरांचा चेडू काय गो तू? दरवर्षी पोरांक घेवन येयत, ते. नाक तांचाच आसा. बरो माणूस." हो, त्यांचीच मुलगी म्हटलं असतं, तर सगळं ठाऊक असून हे नाव का दिलं ते सांगावं लागलं असतं. मी अगदी शुद्ध भाषेत म्हटलं, "नाही, मी मुंबईची."

हे पत्र टाकायला पत्ता नाही. असता, तर आजोबांना काय म्हटलं एवढं मी गाळलं असतं.