फळ्यावरचं पूर्ण नाव

१८ जुलै १९८३
बी.एड. सुरू. शिष्यवृत्तीवाल्या आम्ही सगळ्या आपोआप एकाच बाकावर. ही शिष्यवृत्ती दादरच्या एका ट्रस्टची, ज्यांच्या वस्तीतून कुणी शिक्षक झालं नाही अशा पोरापोरींसाठी. आम्ही बौद्ध, कुणी भटके, कुणी कोळी. अट एकच, शिकून झालं की वर्गात उभं राहायचं. रिटायर्ड हेडमिस्ट्रेस सबनीसबाई सगळं बघतात. मुलाखतीत विचारलं होतं, तुला आवडलेले शिक्षक कोण? मी नावं सांगितली. मग म्हणाल्या, त्यांच्यातलं आपल्या घरातलं वाटावं असं कुणी? मला आठवेना. त्याही पुढचं विचारायचं विसरल्या.

घरी वडील, आमचे अण्णा, गॅलरीत. गिरण्यांचा संप सुरू होऊन दीड वर्ष झालं. गिरणी अजून बंद, पण उघडली की रिंग खात्यात, सूत कातायला, नवी माणसं घेणार म्हणतात, अण्णांना बोलावणं नाही. ‘म्हणजे मास्तरीण होणार तू,’ एवढंच म्हणाले. पण दोनदा म्हणाले.

३१ जुलै
रविवार दुपार. अख्खं लोअर परळ झोपेत चालल्यासारखं. ढग इतके खाली आलेत की गिरणीची चिमणी अर्धी त्यांच्यातच. तिला धूर नाही, म्हणून ढगच तिच्यातून निघतायत असं वाटत राहतं. किती वेळ बघत बसले कोण जाणे.

डोळे मिटले की वर्ग दिसतो. उंच खिडक्या, पिवळा उजेड. मुलांचे चेहरे नाहीत, नुसते वर झालेले हात. मी बोलतेय पण काय ते ऐकू येत नाही. आईने ओरडून जागं केलं. तव्यावरची भाकरी करपली होती.

२० ऑगस्ट
शिष्यवृत्तीवाल्यांची शनिवारची बैठक, दादर. हेमा भेटली. शीव कोळीवाड्याची, आई मासळी विकते. तिचा शाळेतला पहिला सराव पाठ झाला. पोरांनी नाव विचारलं, तर ही म्हणाली, ‘हेमलता कोळी, आय माझी पापलेट विकते.’ मग तासभर पोरं सुरमईला काटे किती हेच विचारत बसली. धडा राहिला तो राहिलाच. सबनीसबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

माझा पाठ गिरगावातल्या शाळेत. सहावी, भूगोल, कापूस.

२९ ऑगस्ट
झाला पाठ.

वर्गात जायच्या आधी तिथल्या वर्गशिक्षिका बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘मुलांना सुजाताबाई एवढंच सांगा. आडनाव वगैरे कशाला.’ आवाज गोड. मी मान हलवली बहुतेक.

आत गेले तर खिडक्या खरंच उंच. उजेडही तोच. क्षणभर कळेना की मी घरी झोपलेय की इथे उभी आहे. खडू हातात घेतला आणि फळ्यावर लिहिलं, सुजाता गणपत कांबळे. ठरवलं नव्हतं. हात लिहीत गेला. मागे कुणीतरी खोकलं.

मग काळी माती, बोंडं, सरकी, सूत. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘बाई, गिरण्या बंद आहेत तर मग कापड येतं कुठून?’ मी म्हटलं, बाहेरगावाहून येतं, मागावर विणतात तिथे. ‘आणि इथे जे विणायचे ते?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ते घरी बसलेत. माझे वडीलही. मागची पोरंही पुढे वाकून ऐकायला लागली.

१ सप्टेंबर
शाळेचा निरोप. वेळापत्रकात बसत नाही, उरलेले पाठ कांबळेबाईंनी दुसरीकडे घ्यावेत. फक्त मीच बसत नाही. माझ्यासोबत तिथे पाठ घेणाऱ्या बाकीच्या तिघी बसतायत.

पाठ पुरे नाहीत तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर शिष्यवृत्ती गेली. घरी बोलले नाही. आई आधीच...

३ सप्टेंबर
सबनीसबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘दुसरी शाळा उद्या मिळेल. की मी जाऊन भांडू? तू सांग.’

मी म्हटलं, विचार करते. तिथून गिरगाव चौपाटीवर गेले, ओल्या वाळूत बसले. पाणी करडं, आकाश करडं, मधली रेघच नाही. तो वर्ग त्या करड्यात तरंगत होता, बाकं, फळा, माझं नाव. ते कोणी पुसलं असेल? रोज पुसतात तसंच पुसलं असेल, की लगेच?

हेमा शोधत आली. ‘काय गो, वेडी झालीस का इथे बसून? चल.’ माझ्या पदराची वाळू झटकत म्हणाली, ‘दुसऱ्या शाळेत गेलीस तर तिथे काय लिहिशील?’

६ सप्टेंबर
गिरगावच्या शाळेत एकटीच गेले. हेडमिस्ट्रेसच्या टेबलासमोर उभी राहिले. म्हटलं, मला त्याच वर्गात पाठ पुरे करायचेत. माझं काय चुकलं ते सांगा, सुधारते. त्यांनी वर्गशिक्षिकेकडे पाहिलं. त्या खिडकीकडे बघत होत्या.

‘तुझ्याच सोयीसाठी म्हटलं होतं,’ हेडमिस्ट्रेस म्हणाल्या. मग वेळापत्रक पुढे ओढून, ‘गुरुवारी ये.’

घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘गणपत पण लिहिलंस?’ हो म्हटलं. अण्णा उठून तोंड धुवायला गेले.

१५ जानेवारी १९८४
अण्णांना काम लागलं. अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीत वॉचमन. खाकी अंगात घालून आरशासमोर उभे राहिले, आई हसली, मग रडली. अण्णा म्हणाले, ‘गिरणी सुरू होईस्तोवर.’ आम्ही दोघीही हो म्हणालो.

माझे सरावाचे पाठ झाले. वर्गशिक्षिका अजूनही बोलत नाहीत. परवा मात्र नकाशा टांगायला खिळा मिळेना, तर न विचारता आणून दिला.

१० मार्च
गिरगावच्या हेडमिस्ट्रेसनी बोलावलं. जूनपासून एक जागा रिकामी होतेय, येशील का? दुसरीकडे सबनीसबाई म्हणतात, लालबागच्या शाळेत संपानंतर पोरं गळतायत, कामाला लागतायत, तिथेही कुणीतरी हवं. ‘पण मी सांगणार नाही कुठे जा ते.’ इथे उभं राहायला किती झगडले. तिथे माझीच माणसं. दोन्ही वर्ग डोळ्यांपुढे येतात आणि एकमेकांत मिसळतात.

१४ मार्च
वार्षिक पाठ, गिरगावच्याच शाळेत, परीक्षक मागे बसलेले. अण्णा म्हणाले होते, मी येतो. म्हटलं, आत नाही सोडणार अण्णा. ‘आत कशाला, बाहेर उभा राहीन.’

नदी शिकवत होते. मधेच खिडकीतून खाली पाहिलं. समोरच्या फुटपाथवर अण्णा, खाकीतच, ड्यूटीवरून थेट आलेले. मान वर करून बघत होते, हसत होते. पण भलत्याच खिडकीकडे. तिथे दुसराच वर्ग होता.

हाक मारता येईना. मी आवाज चढवला. नदी उगमापासून पुन्हा सांगायला लागले, जरा मोठ्याने. परीक्षक काहीतरी लिहीत होते. अण्णांची मान हळूहळू वळायला लागली.