हा आवाज रोजचा आहे का?

मंगळवार, संध्याकाळ

डॉक्टर म्हणून चूक माझीच. हायवेवर सातिवलीजवळ सांडोर गावच्या एका बागायती वाडीवाल्या काकांची कार टेम्पोवर आदळली. काका स्वतःच्या पायांनी चालत कॅज्युअल्टीत आले. मानेवर सीट बेल्टचा लाल वळ, एक्स-रे नॉर्मल. "थोडं दुखतंय," म्हणाले, घोगऱ्या आवाजात. वयस्कर माणूस, आवाज असाच असेल, असं मी धरून चालले आणि घरी सोडायचा कागद लिहायला घेतला.

तेवढ्यात काकू पोचल्या. काका दोन शब्द बोलले आणि त्या थबकल्याच. "मॅडम, हा यांचा आवाज नाय. वाडीच्या एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू येते."

पेन खाली ठेवलं. सीटी स्कॅन केला. स्वरयंत्राला तडा गेला होता, आतून सूज चढत होती. घरी पाठवलं असतं तर श्वासच कोंडला असता! आता आयसीयूत आहेत, सावरतील.

पण तो घोगरा आवाज कानातून जात नाही. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते, मला काय कळणार? कळणाऱ्याला विचारायचं तरी! उद्यापासून मानेला मार लागलेला एकही पेशंट, त्याचा आवाज घरच्यांना ऐकवल्याशिवाय सोडणार नाही. सोबत कोणी नसेल, तर फोन हातात देईन. "घरी बोला. मी इथेच उभी आहे."