‘गेले’ म्हणजे नेमके कुठे?

ती. मामा,

आपण माझ्याहून वयाने, मानाने आणि आवाजानेही मोठे. अशा व्यक्तीस न विचारता पत्र लिहिण्याचे धारिष्ट्य करीत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. (समोर असताना मी "हो मामा" आणि "नाही मामा" यांपलीकडे कधी गेलेली नाही, कागदावर मात्र मला बरेच बोलता येते.) आपली प्रकृती कशी आहे? झोप लागते ना? मामींची गुडघेदुखी आटोक्यात आहे ना?

माझ्या नोकरीचे स्वरूप आईने सांगितले असेलच, आणि चुकीचे सांगितले असेल. रुग्णालयात दाखल होणाऱ्याचे वय, रक्तदाब, श्वास, मूत्रपिंडांचे काम यांना आम्ही गुण देतो आणि त्यावरून तो वाचेल की नाही याचा अंदाज बांधतो. गुण जितके जास्त, तितका धोका जास्त. (जन्मभर गुणांमागे धावलेल्या मुलीला हे पचायला वेळ लागला. एका काकूंचे गुण पाहून मी त्यांचे अभिनंदन करायला निघाले होते. सिस्टरांनी वेळीच बाही ओढली.) पुढे रुग्ण घरी गेल्यावर तीन महिन्यांनी फोन करून विचारायचे, की आपण आहात ना. ते काम माझे. महिनाअखेर एकूण एक उत्तर हाती आले, तरच आमचा अभ्यास परिषदेत वाचला जाईल, आणि तो वाचायला आमच्या मुख्य डॉक्टरीणबाई मला उभे करणार आहेत. एक जरी उत्तर राहिले, तरी वर्षाची मेहनत पाण्यात.

जागेअभावी माझा फोन धुतलेल्या चादरींच्या खोलीत आहे. पहिल्या दिवशी मी तिथून शुद्ध भाषेत विचारले, "रुग्ण हयात आहेत का?" पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "हयात? इथं कुणी हयात राहत नाहीत. वरच्या मजल्यावर विचारा." सिस्टर हसून हसून चादरींच्या गठ्ठ्यावर पडल्या. "अगं, माणसासारखं बोल की! ‘आजोबा कसे आहेत’ असं विचारावं."

मी तसे विचारले, आणि तिथेच घात झाला. तो फोन सायकली दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांच्या घरी होता. (त्यांचे गुण असे, की आमच्या हिशेबाने ते घराच्या पायरीपर्यंतही पोचायला नको होते.) सूनबाई म्हणाल्या, "ते गेले ना." मी कसेबसे विचारले, "कधी?" "काल सकाळीच. कुणाला न सांगता. आता घर कसं शांत शांत वाटतंय बघा!" मला हुंदका आला. मी "ईश्वर आपणांस बळ देवो" म्हणाले, त्यांचे "कशाला?" अर्धवट ऐकत लाजून फोन ठेवला, ‘मृत’ अशी नोंद केली आणि बाईंच्या सहीने सांत्वनपत्र रवाना केले. मसुदा माझा होता, समासांसकट.

त्याच आठवड्यात आजोबा स्वतः आले. ते धाकट्या लेकाकडे राहायला ‘गेले’ होते. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहून ते माझे पत्र खड्या आवाजात वाचू लागले. "‘मितभाषी, सौजन्यशील व्यक्तिमत्त्व’! ऐकलंत? बायकोनं उभ्या जन्मात असं म्हटलं नाही हो मला! कुणी लिहिलंय हे?" मी चादरींमागे लपले होते, सिस्टरांनी हाताला धरून बाहेर काढले. मी एवढेच म्हणाले, "आजोबा, आपण आहात याचा मला अतिशय आनंद आहे." आजोबा म्हणाले, "मला काय कमी आनंद आहे का, पोरी!" सगळी रांग हसली, तापाने फणफणलेला एक गृहस्थसुद्धा. पत्र परत द्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. फ्रेम करून सुनेच्या नजरेसमोर टांगणार म्हणतात.

बाई रागावल्या नाहीत. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. पण नियम केला, की यापुढे ऐकीव माहितीवर कुणी मेलेलाही नाही आणि जिवंतही नाही. ज्याचे त्याने स्वतः सांगायचे. (मेलेल्याने कसे सांगायचे, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.)

मामींना नमस्कार.

आपली नम्र भाची

ता. क. नव्या नियमानंतर सर्वांची उत्तरे आली. एकच रुग्ण राहिले आहेत. फोन केला की ते "कर्ज नको मला!" असे ओरडतात आणि ठेवून देतात. मामा, तो फोन कर्जाचा नाही. तो मी करते. आई म्हणते, "दादा मस्त आहे, लिही तसं. त्याला विचारायला मी नाही जाणार." पण ती ऐकीव माहिती झाली, आणि ‘मस्त’ असा रकाना आमच्याकडे नाही. तरी ‘मी आहे’ एवढे दोन शब्द स्वहस्ते लिहून, खाली सही करून उलट टपाली पाठवावेत.

ता. क. २. आपले गुण किती होते, ते कृपया विचारू नये. आमच्या गणिताने हे पत्र उघडायला कुणी असणारच नव्हते. पहिल्यांदा आपले "कर्ज नको" कानावर आदळले, तेव्हा मी फोन ठेवला, दाराला कडी लावली आणि नाचले. आजवर उत्तर चुकल्यावर मी रडतच आले होते.

पत्र पेटीत टाकले: मंगळवार, दि. १२ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी.