टाचे मारलेली भिंत

आबा, माझ्या दाढेसाठी दोन वस्तू आल्या. काचेच्या धाग्यांची एक बारीक खुंटी आणि वर बसवायची टोपी. किती पैसे पडले ते सांगत नाही. तेवढ्यात एका खोलीचा गिलावा झाला असता, असंच तुम्ही म्हटलं असतं. दाढ मेली होती. अशा दाढेच्या मुळात खुंटी रोवून वर बांधकाम करतात. पहिली खुंटी थोड्याच महिन्यांत भाकरीच्या घासाबरोबर हातात आली. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी ती उजेडात धरली. पोरगीच आहे, माझ्या धाकटीच्या वयाची. म्हणाली, "काकू, चूक माझी आहे. सिमेंट दाढेला धरून राहिलं, खुंटीला नाही. खुंटी गुळगुळीतच राहिली होती."

दुसऱ्या वेळी मी तोंड उघडं ठेवून सगळं पाहत होते. तिने खुंटी आधी एका औषधात ठेवली, वरचा गुळगुळीत थर जाऊन आतले धागे उघडे पडावेत म्हणून. मग धुतली, वाळवली आणि दुसरं पाण्यासारखं औषध लावलं. त्याने काच आणि सिमेंट एकमेकांना धरतात म्हणे. तेही वाळेपर्यंत थांबली. मदतनीस मुलगी खुंटी उचलायला गेली, तशी म्हणाली, "बोटाने नाही गं. चिमट्याने."

"मॅडम, हातमोजा आहे की."

"मोज्याचंही काहीतरी लागतंच. आता हिला हात लावायचा नाही."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं, दुखतंय.

त्या खुर्चीत मी पुन्हा नऊ वर्षांची आहे. भडगावच्या अलीकडे, गिरणेकाठच्या आपल्या गावात मारुतीच्या देवळाचं काम तुमच्याकडे आलंय. गवंडी म्हणून तुमचं पहिलं मोठं काम. तुम्ही जुन्या भिंतीला छिन्नीने टाचे मारून ती खरबरीत करता, झाडूने धूळ काढता आणि मला दम देता, "आते भितले हात लावू नको व. गुयगुयीत भीत गिलावा धरत नही, मयकी बी धरत नही." गुळगुळीत नको, मळकीही नको. पण तो शनिवार होता. आई तापाने पडलेली आणि मी मारुतीला पाच शनिवार तेल बोललेले. मूर्ती पुजाऱ्याच्या घरात कुलूपबंद. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी वाटी घेऊन आत शिरले. मूर्ती जिथे बसणार होती, त्यामागच्या भिंतीला दोन्ही तळव्यांनी तेल चोळलं. डोळे मिटून, मनापासून. दुपारी तुम्ही तिथूनच कामाला लागलात. आतल्या अंधारात तुम्हाला ते दिसलं नाही.

आई बरी झाली. दिवाळीच्या आत गिलावा सुटला, नेमका माझ्या हातांच्या उंचीवर. गाव जमलं. कोणी म्हणालं, "मिस्तरी, देवनं बी सिमिट खाई टाकं का?" देवाच्या कामातलं सिमेंटही तुम्ही खाल्लंत, असं. लोक हसले. तुम्ही पडलेली खपली उचलून नाकाशी नेलीत, खाली ठेवलीत आणि चूक स्वतःवर घेतलीत, "मनी चूक शे, भाऊ. परत करी दिसू." घरी आल्यावर एकदाच विचारलंत, "भितले कोन्ही हात लावा व्हता का?"

"नही, आबा."

तुम्ही जेवत राहिलात. दुसऱ्या दिवशी भिंत सोड्याने घासून घासून धुतलीत, अजून खोल टाचे मारलेत. तो गिलावा आजही जागचा हललेला नाही. पण गावाने तुम्हाला पुन्हा मोठं काम दिलं नाही. मग धुळ्याला दुसऱ्याच्या हाताखाली विटा रचायला गेलात आणि तिथेच वारलात.

त्या पोरीला "चूक माझी आहे" म्हणायला एक क्षण पुरला. मी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी जाते तेव्हा देवळात बसते. तेव्हा हसलेल्यांपैकी दोघं म्हातारे अजून पारावर असतात. आज सांगायचंच, असं ठरवून जाते आणि प्रसाद घेऊन परत येते. गेल्या खेपेला त्यांतला एक भिंतीवर थाप मारून म्हणाला, "तुना बापनी दुसऱ्यांदा मातर चांगलं करं." मी नुसती मान हलवली.

शनिवारचं तेल मी अजून मोडलेलं नाही. घरात सांगते, आबांच्या नावाने घालते. खरं तर ते माझ्यासाठीच असतं. हे पत्र पोथीत ठेवते आहे. त्या खपलीला तुम्हाला तेलाचा वास आला होता का, आणि आला असेल तर मला बोलला का नाहीत, एवढं उलट टपाली कळवा.