दहापैकी नऊ

प्रिय चांगुणा भीमराज भिंगारदिवे,

पूर्ण नाव लिहिले म्हणून हसू नकोस. पत्र असो वा मोबाईलवरचा संदेश, वर ज्याला लिहायचे त्याचे नाव आणि खाली आपले नाव असलेच पाहिजे, हा नियम मीच तुला घालून दिला होता. बिननावाचा मजकूर म्हणजे निनावी पत्र, असे मी म्हणत असे. त्या नियमाचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

गेले आठ महिने दर सोमवारी तुझ्या मोबाईलवर एक संदेश येतो. ‘प्रिय चांगुणा, आपला नवा फोन कसा वाटला? दैनंदिन वापरासाठी तो कितपत उपयुक्त आहे? आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ नोंदणी तुझ्या नावावर असल्यामुळे ते तुलाच विचारतात. आलेल्या पत्राला उत्तर न देणे मला आयुष्यात जमले नाही. म्हणून अभिप्राय लिहितो आहे. कंपनीला नव्हे, तुला. चौसष्ट दिवस तो फोन तू वापरलास आणि तुझे मत मी एकदाही विचारले नाही.

खरेदीपासून सुरुवात करू. ‘आईला चांगला मोबाईल घेऊन द्या पप्पा, मला तिचं तोंड बघायचं असतं,’ असे दीपाने नगरहून सांगितले, तेव्हा मी पंधरा दिवस खपून अकरा फोनांचा तुलनात्मक तक्ता केला. अतिमहाग वगळले, अतिस्वस्त वगळले आणि मध्यम किमतीतला सर्वांत समतोल निवडला. तुझी एकच अपेक्षा होती. ‘लाल असला तर बघा,’ तू म्हणालीस. रंग हा निकष होऊ शकत नाही, असे सांगून मी राखाडी मागवला. लाल उपलब्ध होता. किंमतही तीच होती.

पडदा मोठा व स्पष्ट आहे. उन्हात गच्चीवरही अक्षरे दिसतात. बोटाचा ठसा ओळखून उघडण्याची सोय मात्र तुझ्या बाबतीत निरुपयोगी ठरली. पुणतांब्याला माहेरी असताना गोदावरीकाठच्या मळ्यांतली खुरपणी आणि लग्नानंतर बावीस वर्षे अंगणवाडीत मदतनीस म्हणून घासलेली पातेली; तुझ्या अंगठ्याच्या रेषा राहिल्याच नव्हत्या. रेशनच्या यंत्रावरही तुझा अंगठा उमटत नसे. तू तिसऱ्यांदा अंगठा पदराला पुसून लावलास, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण शरिफाभाभी समोर बसलेल्या असताना मी म्हणालो, ‘यंत्रालासुद्धा कळते कोणाला आत घ्यायचे.’ भाभी हसल्या नाहीत. तू हसलीस. मग उघडण्यासाठी चार आकड्यांचा अंक ठेवायचे ठरले. तुला दीपाच्या जन्माची तारीख हवी होती. मी एकोणीसशे छप्पन्न ठेवले, कारण धम्मदीक्षेचे ते साल आपल्या माणसांना विसरता येत नाही. त्यावर तू बोलली नाहीस, आणि मी ते संमतीत धरले.

बॅटरी दीड दिवस टिकते. आवाज खणखणीत आहे. कॅमेऱ्याविषयी लिहिताना मला अडचण येते. त्यात तू काढलेली दोनशे सात छायाचित्रे आहेत. एकतीस तुझ्या स्वतःच्या अंगठ्याची, काही शरिफाभाभींच्या शेळीची, आणि एकोणीस माझी. सर्व एकोणीस पाठमोरी. समोरून काढण्याचे धाडस तुला झाले नसावे.

आता बोलून लिहिण्याच्या सोयीकडे येतो. आपण बोलायचे आणि यंत्राने टंकायचे. तू मोठ्या हौसेने म्हणालीस, ‘भाकरी झाली हाय, जेवाया या.’ यंत्राने काहीतरी भलतेच लिहिले. मला फार आनंद झाला, चांगुणा. तेहतीस वर्षे मी तुझे ‘हाय’ आणि ‘न्हाई’ सुधारत आलो. नातेवाइकांसमोर सुधारले, दीपाच्या शाळेत मुख्याध्यापकांसमोर सुधारले. नगरच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी प्राध्यापकांनी माझ्या तोंडचे ‘हुतं’ वर्गाला तीनदा म्हणून दाखवायला लावले होते; ते हसू मी तुझ्यापर्यंत पोहोचवत राहिलो. आता एक यंत्रही माझ्या बाजूने उभे राहिले होते. मी तुला म्हणालो, ‘माणसासारखे बोललीस तर तो माणसासारखे लिहील.’

तू दिवसातून दहादा हाक मारायचीस. ‘अहो, ह्ये काय आलं बघा की.’ ‘अहो, आवाज गेला.’ तुझ्या हाकांना कंटाळून मी परीक्षा घ्यायचे ठरवले. छत्तीस वर्षे विज्ञान शिकवले, त्यातली नऊ पर्यवेक्षक होतो. मला दुसरी पद्धत माहीत नाही. आखीव कागदावर प्रश्नपत्रिका लिहून ती मांडणीवर चिकटवली. एक, दीपाला व्हिडिओ कॉल करा. दोन, गजर लावा. तीन, स्वतःचे छायाचित्र काढून पाठवा. चार, विजेरी लावून बंद करा. पाच, बोलून एक अर्थपूर्ण व शुद्ध मजकूर लिहा आणि मला पाठवा, गुण दहा. खाली ठळक अक्षरांत सूचना होती. ‘वेळ अकरा ते बारा. या वेळेत पर्यवेक्षकांना फोन करू नये. केल्यास उचलला जाणार नाही.’

दिवस अठरा फेब्रुवारी. मी निवृत्त शिक्षकांच्या बैठकीसाठी सकाळच्या बसने नगरला गेलो. निघताना तू म्हणालीस, ‘आज नको, उद्या घ्या. रातपासनं कसंतरीच हुतंय.’ परीक्षेच्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला कसेतरीच होते, असे मी उत्तर दिले आणि जिना उतरलो.

पुढच्या वेळा मी तुझ्या फोनवरून उतरवून घेतल्या आहेत. अकरा वाजून पाच मिनिटांनी तू दीपाला व्हिडिओ कॉल केलास. ती रुग्णालयात ड्यूटीवर होती, तिचा फोन कपाटात होता. अकरा-आठला गजर लावलास. अकरा-दहाला स्वतःचे छायाचित्र मला पाठवलेस. त्यात तू हसते आहेस, डोक्यावरचा पदर नीट केलेला आहे. हे छायाचित्र महत्त्वाचे आहे; का ते पुढे सांगतो.

अकरा-बाराला तुझा मला फोन आला. बैठकीत शेजारी भागवत सर होते, पाथर्डीचे, माझे जुने सहकारी. मी त्यांना पडदा दाखवला. ‘सूचना वाचूनही फोन करते आहे.’ अकरा-चौदाला पुन्हा वाजला. भागवत सर म्हणाले, ‘उचला की राव. बाई माणूस घरात एकटं, काही काम असंल.’ मी म्हणालो, ‘उचलला तर परीक्षेला अर्थ काय राहिला?’ अकरा-वीसला तिसऱ्यांदा वाजला. मी आवाज बंद करून फोन टेबलावर पालथा घातला. भागवत सरांनी विषय बदलला.

अकरा-एकतीसला तुझा संदेश आला. ‘माझ्या छातीत फार दुखत आहे. डावा हात उचलवत नाही. तुम्ही लवकर या.’

चांगुणा, त्यात एकही ‘हाय’ नव्हते. एकही ‘न्हाई’ नव्हते. प्रत्येक क्रियापद जागेवर होते. मी तो मजकूर पाचव्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचला. भागवत सरांना मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणालो, ‘बघा, तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. विषयही कसा नाट्यपूर्ण निवडला आहे.’ ते म्हणाले, ‘सर, ह्ये खरं तर नसंल ना?’ मी हसलो. अकरा-चौतीसला तुला उत्तर पाठवले. ‘दहापैकी नऊ. भाषा निर्दोष. खाली नाव न लिहिल्याबद्दल एक गुण कमी.’ पुढच्याच मिनिटाला ते तू वाचल्याची निळी खूण उमटली.

अकरा-एक्केचाळीसला तुझे उत्तर आले. एकच शब्द होता.

‘चांगुणा.’

मी म्हणालो, ‘चुकीची दुरुस्ती केली. चला, दहापैकी दहा.’ आणि आम्ही जेवायला उठलो. त्या दिवशी जिलेबी होती. मी दोनदा घेतली.

एक वाजता शरिफाभाभींचा फोन आला. त्या सकाळपासून नेवाशाला लग्नाला गेल्या होत्या. परत येऊन वर दही द्यायला आल्या तेव्हा तू मांडणीखाली बसलेली होतीस, प्रश्नपत्रिकेच्या बरोबर खाली, फोन मांडीवर. दीपाला तिच्या रुग्णालयातून घेऊन आम्ही जीपने सोनईला, घरी निघालो. मी तिच्याच गावात होतो, चांगुणा. तिच्या दवाखान्यापासून चालत वीस मिनिटांवर.

जीपमध्ये दीपा माझ्या खांद्यावर डोके आपटत होती. ‘पप्पा, तिनं मला फोन केला होता. अकरा-पाचला. मी उचलला नाही. तुम्हाला केला होता का हो?’ मी म्हणालो, ‘नाही.’ हे म्हणत असताना माझा उजवा अंगठा माझ्या फोनवरून तुझे तीन फोन आणि तो सगळा संवाद पुसून टाकत होता. माझ्या अंगठ्याच्या रेषा शाबूत आहेत. फोन लगेच उघडला.

तुझा फोन मात्र उघडेना. एकोणीसशे छप्पन्न चालेना. हा अंक बदलायचा कसा, हे मी तुला शिकवलेच नव्हते. दीपाने फोन मागितला की मी सांगत असे, तो उघडत नाही, राहू दे. आणि मला ते सोयीचे होते.

तेव्हापासून दीपा स्वतःचा फोन नजरेआड करत नाही. स्वयंपाक करताना तो कुकरशेजारी असतो, अंघोळीला जाताना साबणाच्या डबीजवळ. वॉर्डात खिशात ठेवते म्हणून तिला दोनदा लेखी ताकीद मिळाली आहे. ‘आईचा शेवटचा फोन माझ्याकडं आला आणि मी कपाटात ठेवला,’ हे वाक्य तिने तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सर्वांसमोर म्हटले. वंदना संपली होती, भन्तेजी बसलेले होते. तुझा भाऊ सोपान तिला म्हणाला, ‘एवढी नर्स पोरगी असून आईला उपेगाची न्हाई झाली.’ मी सतरंजीच्या टोकाला बसलो होतो. मी ते ऐकले. मी तिचे ‘माझ्याकडं’ सुधारले नाही, सोपानचे ‘न्हाई’ सुधारले नाही आणि त्यांचा समजही सुधारला नाही.

शरिफाभाभींना सर्व ठाऊक आहे. परीक्षेपुरता पडदा विझू नये अशी सोय मीच करून ठेवली होती; तुझ्या मांडीवरच्या फोनवर तेव्हा माझे उत्तर उजळलेलेच होते, आणि त्या वाचू शकतात. आठ महिने त्यांनी कोणाला सांगितले नाही. फक्त जिन्यात मी भेटलो की विचारतात, ‘काय सर, आज कुनाला किती मार्क?’ मी नमस्कार करून पुढे जातो. गेल्या महिन्यात त्यांनी वाट अडवली. ‘पोरगी सुकून चालली, सर. मी बोलले तर तिला परक्याच्या तोंडून कळंल. तुमी बोला. न्हाईतर मी हायच.’

त्या दिवशी मी दीपाच्या जन्माची तारीख दाबली. चौदा शून्य आठ. फोन उघडला. तुला हवा असलेला अंक तू ठेवला होतास, माझ्या परवानगीशिवाय आणि माझ्या मदतीशिवाय. आत टिपणांमध्ये तू बोलून लिहिलेली चाळीसएक वाक्ये सापडली. ‘आज ऊन आहे.’ ‘शरिफाभाभी आल्या आहेत.’ ‘मी ठीक आहे.’ ‘मी ठीक आहे.’ ‘मी ठीक आहे.’ सगळा सराव, मी झोपलेला किंवा बाहेर गेलेला असतानाचा. आणि शेवटचे टिपण असे: ‘ह्यांना सांगायचं न्हाई पन मला ह्यो फोन लई आवडला हाय. दीपीचं त्वांड रोज दिसतंय.’ अक्षर न् अक्षर तुझे. साठ दिवसांत त्या यंत्राने तुझी बोली शिकून घेतली होती.

म्हणजे अभिप्राय तू आधीच देऊन ठेवला होतास. माझा अभिप्राय एवढाच, की फोनमध्ये कोणताही दोष आढळला नाही. तुझे बोलणे त्याने पोहोचवले, वेळेवर पोहोचवले, जसेच्या तसे पोहोचवले.

दीपाने मला कायमचे तिच्याकडे राहायला बोलावले आहे. ‘तुम्ही एकटे कशाला, पप्पा? आईला मी नाही बघू शकले, तुम्हाला तरी बघते,’ म्हणाली. तिने माझ्यासाठी खोली रिकामी केली, खिडकीला पडदा लावला. आज दुपारच्या बसने निघतो आहे. पिशवीत तुझा फोन आहे. त्यातले काहीही मी पुसलेले नाही. तीन फोन, तो संदेश, माझे गुण आणि तुझे नाव. दीपा, हे पत्र वरच्या नावाला लिहिले असले तरी वाचणार तू आहेस, म्हणून आता तुझ्याशी बोलतो. अंक तुझीच जन्मतारीख. आधी अकरा-दहाचे छायाचित्र उघड. त्यात आई हसते आहे. तुला केलेला फोन हा माझ्या प्रश्नपत्रिकेतला पहिला प्रश्न होता. तेव्हा तिच्या छातीत दुखू लागलेले नव्हते. तिने जीव वाचवण्यासाठी ज्याला हाक मारली तो मी होतो. मी दाराबाहेरच उभा राहीन. पत्र वाचून होईपर्यंत मला आत घेऊ नकोस. त्यानंतर घेतले नाहीस, तरी तुझी चूक धरली जाणार नाही.

तुझाच,
भीमराज तुकाराम भिंगारदिवे

ता. क. परत येण्याची सोय ठेवू नये म्हणून सोनईची जागा सोडली. मांडणीवरची प्रश्नपत्रिका काढून या पत्राला जोडली आहे. दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या शरिफाभाभींच्या हातात परत दिल्या.