ओसरीवरची निवडणूक

१४ मे १९९६, मंगळवार

क्लेमेंट काल दोन सुटकेस घेऊन गावातल्या एका भाड्याच्या जागेत राहायला गेला. तालमीसाठी. या ऑक्टोबरात मॅकिन्लींच्या निवडणुकीच्या शताब्दीचा कार्यक्रम आहे, आणि त्यांच्या या कँटन गावात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींचा वेश करून गेली कित्येक वर्षं माझा नवराच उभा राहतो. घरी तालीम होत नाही म्हणाला. मी फार बोलते म्हणे. खरं आहे.

हिवाळ्यातला कोटही नेला. तालीम लांबेल असं धरून चालला असावा. दूरदृष्टी.

१६ मे

मॉरीनचा कोलंबसहून फोन. माझी मुलगी वकिलांच्या कचेरीत काम करते, त्यामुळे माणसांवरचा विश्वास उडालाय. म्हणाली, "मॉम, डॅडी त्या जॉइसबरोबर राहतायत." मी समजावलं की जॉइस पाव्हलिक आपल्या कार्यक्रमात मिसेस मॅकिन्ली होते, आणि नवराबायकोच्या संवादाला तालमीत दोघं लागतातच. ती भूमिका आधी मलाच देऊ केली होती. पण मिसेस मॅकिन्ली आजारी. कार्यक्रमभर खुर्चीत गप्प बसायचं. मला कुठलं जमायला.

मॉरीन म्हणाली, "मॉम, डॅडींनी मॅकिन्ली सोडून हार्डिंग धरलाय."

हे लागलं. शाळेत सिस्टर अल्फोन्सा राष्ट्राध्यक्षांची नावं क्रमाने म्हणून घ्यायच्या. हार्डिंग आले की आम्ही मुलींनी मान खाली घालून भरकन कूलिजवर जायचं. हार्डिंगना बायको सोडून इतर बायका होत्या, हे मला माझं लग्न झाल्यावर कळलं. मॅकिन्ली निराळे. गव्हर्नर असताना रोज दुपारी कामातून उठून समोरच्या हॉटेलातल्या बायकोला खिडकीतून रुमाल हलवून दाखवायचे. असा माणूस वर्षानुवर्षं अंगात मुरवल्यावर क्लेमेंट वाकडं पाऊल टाकेल कसा.

२ जून, रविवार

चर्चमधला मास आटोपून आल्यावर धोरण ठरवलं. त्याच्यामागे जायचं नाही. फोन नाही, निरोप नाही. अठराशे शहाण्णव साली मॅकिन्ली मतं मागायला गावोगाव हिंडले नाहीत. घरच्या ओसरीवर बसून राहिले. लोकच आगगाड्या भरभरून आले, गवत तुडवलं, आठवण म्हणून कुंपण मोडून नेलं. निवडून आले.

आजपासून मीही ओसरीवर. झुलती खुर्ची पुसून घेतली. लिंबाचं सरबत केलं. शिवाय शताब्दीचा कार्यक्रम समितीने आमच्याच ओसरीवर ठेवलाय. म्हणजे त्याला यावं तर लागणारच. त्याआधी आला तर अधिक शोभेल.

११ जून

आज आलेले: पन्हळी विकणारा एक माणूस, आणि दोन धर्मप्रचारक. त्यांना मी मनरो धोरण समजावून सांगितलं: आपल्या गोलार्धात बाहेरच्यांनी लुडबूड करायची नाही. पुन्हा फिरकले नाहीत.

शेजारची वांडा रोज येते. आज म्हणाली, "अगं लिओना, मॅकिन्लींकडे साडेसात लाख माणसं आली. तुझ्याकडे मी येते, तीसुद्धा कुत्रा इकडे ओढतो म्हणून."

सुरुवात म्हणून वाईट नाही.

४ जुलै

क्लेमेंट दर चार जुलैला माझ्या हातचा चेरी पाय खातो, चेरी भरून भट्टीत भाजलेला, गोड. वांडा म्हणाली, नेऊन दे ना. नाही दिला. मॅकिन्लींचं म्हणणं, परदेशी मालावर जबर जकात बसवा, घरचा धंदा वाचवा. घरचा पाय घरीच मिळेल.

संध्याकाळी आतषबाजी. अख्खा चेरी पाय मी आणि वांडाच्या कुत्र्याने संपवला.

३० जुलै

जकातीबद्दल पुन्हा विचार केला. बफेलोच्या शेवटच्या भाषणात खुद्द मॅकिन्लींनीच सूर बदलला होता: देवाणघेवाण हवी, दारं बंद करून भागत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना गोळी लागली, पण त्याचा धोरणाशी संबंध नाही. वांडाच्या हाती चेरी पाय पाठवला.

२ ऑगस्ट

ताटली परत आली, स्वच्छ घासून, वर झुकिनीचा गोड ब्रेड. जॉइसने केलेला. मऊ होता. वाईट असता तर बरं झालं असतं.

२० ऑगस्ट

निक्सन चीनला गेले. आयुष्यभर ज्यांना शिव्या दिल्या त्यांच्याच दारात. जो कडवा त्यानेच जायचं असतं. जॉइस दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, तिथे मी गेले. नुसतं पाहून यायचं होतं, पण जॉइसने नाव लिहून घेतलं, मग उठवेना. दाढ खरंच किडलेली निघाली. ड्रिल चालू असताना तिने माझा हात धरून ठेवला. हात उबदार आहे तिचा. निघताना हळू आवाजात म्हणाली, "मिसेस ब्रँट, आज गरम काही घेऊ नका हं."

निक्सननी येताना दोन पांडा मिळवले. मी एक टूथब्रश.

१० सप्टेंबर

समितीच्या बाईंचा फोन. फार मवाळ बोलत होत्या. म्हणाल्या, "तुम्हाला अवघड होणार असेल तर कार्यक्रम दुसऱ्या ओसरीवर नेऊ." मी विचारलं, अवघड काय त्यात. त्यांनी घाईघाईने हवेचा विषय काढला. लोक विनाकारण विषय बदलतात हल्ली.

जागा बदलणार नाही. भाषणाची संहिता दर वर्षी मी लिहिते. ओसरीही माझीच. दोन्ही बाजूंनी माझी स्थिती भक्कम आहे.

२८ सप्टेंबर

आज लग्नाचा वाढदिवस. चाळीस. आयसेनहॉवर, सगळ्यांचे आइक, दुसऱ्यांदा उभे होते त्या शरदात. मधुचंद्राला नायगाराला निघालो आणि एरीच्या अलीकडे रस्ता चुकलो. त्यांचा महामार्गांचा कायदा त्याच उन्हाळ्यात झालेला, रस्ते अजून व्हायचे होते. क्लेमेंट गाडीच्या टपावर नकाशा पसरून म्हणाला, "आइकचे रस्ते झाले की पुन्हा जाऊ, लिओना. तेव्हा चुकणार नाही."

रस्ते केव्हाच झाले.

फोन आला नाही. तालमीचे शेवटचे दिवस असतील.

१२ ऑक्टोबर, शनिवार

अंगण माणसांनी भरलं होतं. क्लेमेंट काळ्या लांब कोटात. जॉइस माझ्या झुलत्या खुर्चीत, हातात विणकाम. मी जाळीच्या दारामागे उभी. सोन्याच्या चलनाच्या परिच्छेदात तो अडखळला, तेव्हा पुढचं वाक्य मी आतून सांगितलं. त्याने न वळता उचललं. चाळीस वर्षांची सवय.

शेवटी टाळ्या चालू असताना तो वाकला आणि जॉइसच्या गुडघ्यांवरची शाल सारखी केली. कडा आत खोवल्या, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. बायकांनी डोळे टिपले. वांडाही रडत होती, मग तिची नजर माझ्याकडे गेली आणि ती थांबली.

शालीचं संहितेत काही नव्हतं.

१३ ऑक्टोबर

क्लेमेंट आला. घड्या घालून ठेवलेल्या खुर्च्या न्यायला. ओसरीच्या पायऱ्या चढला, साध्या शर्टात, आणि बसला. इतके महिने याचीच वाट पाहिली. सरबत केलेलं नव्हतं.

म्हणाला, आधी कोर्टातून घटस्फोट घेऊ. मग चर्चकडून लग्न रद्द करून घ्यायचं, कारण जॉइसला वेदीसमोर लग्न करायचंय, आणि त्यालाही. आमच्या चर्चमध्ये घटस्फोट नाही. लग्न मुळात झालंच नव्हतं, असं ठरवावं लागतं. मी विचारलं, "आणि मॉरीन?" म्हणाला, "मुलं औरसच धरतात, लिओना. फक्त लग्न झालं असं धरत नाहीत."

फोर्डनी निक्सनना माफी दिली तेव्हा मी शाळेत शिकवायचे, वर्गात मुलांना सांगायचे, माफी घेतली की गुन्हा घडला हे कबूल केल्यासारखंच. फोर्ड तशा अर्थाचा कोर्टाचा निकाल खिशात बाळगून हिंडायचे. मी माफीचा इतका विचार करून ठेवलेला, कशी द्यायची, काय शब्द वापरायचे. माफीत निदान काहीतरी घडलेलं असतं.

खुर्च्या गाडीत चढवायला मी हात लावला.

१७ फेब्रुवारी १९९७, सोमवार

राष्ट्राध्यक्ष दिन. सुट्टी. जानेवारीत कोर्टाचं उरकलं. आज फादर रेमंड चर्चच्या न्यायपीठासाठी माझी जबानी घ्यायला आले. बर्फ म्हणून आत स्वयंपाकघरात बसलो. त्यांना माझ्या वर्गात असल्यापासून ओळखते. तेव्हाही कठीण प्रश्न आला की कान लाल व्हायचे.

विचारलं, "लग्नाच्या दिवशी सकाळी तुमच्या मनात काही शंका होती का, मिसेस ब्रँट? अगदी बारीकशीसुद्धा?" आणि म्हणाले, क्लेमेंटने स्वतःच्या शंका सांगितल्यात, पण तेवढ्यावर निभेल असं वाटत नाही.

त्या सकाळी मी आईच्या आरशासमोर उभी होते. बूट लागत होते. खाली गाडीत चुलते हॉर्न वाजवत होते. मला इतका आनंद झाला होता की उभं राहवत नव्हतं.

म्हटलं, "होती."

फादरनी लिहून घेतलं. म्हणाले, एवढं पुरेल. मी त्यांना दारापर्यंत पोचवून आले. मग एकटीच पुन्हा टेबलाशी बसले. म्हटलं, एकदा तोंडून गेलंच आहे, तर आता तरी शंका येते का पाहू, थोडीशी.

अंधार पडेपर्यंत बसले होते. नाही आली.